खरवडलेलं बॉनेट

गाडीला घरीच रंग द्यायचा, ही कल्पना आमच्या ह्यांची. मला ती पहिल्यापासून पटली नव्हती. पंजाबात अतिरेकी बॉम्ब ठेवत होते त्या वर्षांत चंदीगडमध्ये बसच्या सीटखाली वाकून बघितल्याशिवाय कुणी बसत नव्हतं. रेडिओवर, सिनेमाच्या पडद्यावर, भिंतीवर एकच सूचना असायची: बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण एवढं हिंदी मला वाचता यायचं. लोकांना कळवायची सवयच लावलेली होती. अशा गावात पडदे लावून गाडीचा रंग बदलायचा म्हणजे काय, हे फौजेत जन्म गेलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

गाडी घ्यायचं कारण आमची मुलगी. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. तिचं माहेर म्हणजे सातारा जिल्ह्यातलं गाव नव्हे, चंदीगड. हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये लागले, म्हणून आम्ही तिथेच भाड्याने राहिलो. विहीणबाईंनी कळवलं होतं, तिकडे रोज माणसं मरतात असं पेपरात येतं, पोरीला इकडेच राहू दे. मला ते लागलं. मी हट्टाने तिला घेऊन आले.

आणून मग अडकले. सेक्टर बत्तीसच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, मूल आडवं आहे, कळ आली की थांबायचं नाही, लगेच आणायचं. दवाखाना लांब नव्हता. पण अंधार पडला की रिक्षा मिळत नसे, ऑटोवाला यायला तयार नसे आणि जागोजागी पोलिसांचे नाके. विहीणबाईंचं ऐकलं नाही, आता पोरीला काही झालं तर तोंड कुठे दाखवू, हे माझ्या डोक्यात रात्रंदिवस होतं. म्हणून ह्यांनी एका गाव सोडून जाणाऱ्या माणसाकडून जुनी गाडी घेतली. मूळची सायीच्या रंगाची, खाली गंजलेली, दारांना पोचे.

गंज घासून पुट्टी भरली. आता रंग कुठला, तर मॅट. हे म्हणाले, चकचकीत रंगात पोचे दिसतात, मॅटमध्ये दिसत नाहीत. शिवाय फौजेत चकाकणारी वस्तू म्हणजे दुश्मनाला बोलावणं, ते ह्यांच्या अंगात मुरलेलं. आमची पेटी, बादली, कपाट सगळं त्याच मळक्या हिरवट राखाडी रंगाचं. ह्यांना तोच रंग, दुसरा सुचायचाच नाही. एअर फोर्समधल्या एका ओळखीच्या मराठी बाईंकडे केर ओढायचं मशीन होतं. त्याची नळी उलट्या बाजूला लावली आणि पुढे रंगाची बाटली जोडली की फवारा उडायचा. ते मागून आणलं.

कामाची पद्धतही फौजेतली. काचांवर कागद हवेत म्हणून मी मैद्याची खळ करून दिली. गावाकडून टपालाने येणारे मराठी पेपर आम्ही सगळ्या काचांवर चिकटवले. वाऱ्याने धूळ ओल्या रंगावर बसू नये म्हणून अंगणात चारी बाजूंनी जुन्या चादरी टांगल्या. पुढच्या-मागच्या नंबरपाट्या ह्यांनी काढल्या, घासून स्वयंपाकघरात कपाटामागे उभ्या केल्या. मी म्हटलं, पाटी तरी राहू द्या. तर म्हणे, आधी सगळं सुटं करायचं, मग रंगवायचं, असंच असतं.

शनिवारी दिवसभर ते मशीन घुमत होतं. थिनरच्या वासाने मुलगी पुढच्या खोलीत जाऊन बसली. संध्याकाळी बाहेर येऊन गाडीकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, म्हशीला राख फासल्यासारखं दिसतंय." हे हसले नाहीत. वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, म्हणाले. मॅटवर बोट उठलं की पुसता येत नाही, चोळलं तर तेवढंच चमकतं.

रविवारी सकाळी मी दूध तापायला ठेवून अंगणात गेले. रंग अजून पुरता वाळला नव्हता, आणि मागच्या दारावर चार बोटं ओढल्याचा पट्टा उमटला होता. त्याच्या वर काचेवरच्या कागदाचा कोपरा फाडलेला. आत डोळा लावून बघता येईल एवढाच. मी त्या बोटांवर माझी बोटं लांबून धरून बघितली. माझी नव्हती, मुलीची नव्हती. ह्यांची बोटं आखूड आणि जाड, ती नव्हतीच.

मी ह्यांना उठवलं. आधी गाडीखाली बघा, म्हटलं. ह्यांनी मला वेड्यात काढलं, पण टॉर्च घेऊन गाडीखाली आडवे झाले. चाकांच्या आत, सीटखाली, डिकीत बघितलं. काही नव्हतं. मग ह्यांनी मुकाट्याने त्या बोटांवर रंगाचा नवा हात मारला. मला ते आवडलं नाही. राहू द्यायला हवं होतं.

संशय मला एकाच घराचा होता. मागच्या गल्लीपलीकडे एक सरदारजी राहायचे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, बायको वारलेली, एक मुलगा कॉलेजात. मुलाकडे मोटारसायकल. तो अवेळी यायचा, आला की वरच्या खोलीची खिडकी बंद व्हायची. दिवा मात्र फटीतून दिसायचा. मी त्या खिडकीवर डोळा ठेवून होते. भाजी निवडायलासुद्धा तिकडे तोंड करून बसायचे. त्या दिवशी मी मनात म्हटलं, हा पोरगाच आला असणार.

दुपारी पोलिस आले. चौघे होते, दोघांकडे बंदुका. एक जण चादर बाजूला करून आत शिरला आणि गाडी बघून थबकलाच. फौजेसारखा रंग, काचा झाकलेल्या, नंबर नाही. ह्यांनी कपाटामागून पाट्या आणून दाखवल्या, तर त्यांचा संशय वाढलाच. घरात लपवून ठेवलेल्या पाट्या म्हणजे काय, ते मी त्यांच्या जागी असते तर मलाही वाटलं असतं. एकाने काचेवरचा पेपर वाचायचा प्रयत्न केला, अक्षरं ओळखीची पण अर्थ लागेना, तेव्हा तो अजून चिडला. साहेबाने किल्ली काढली आणि बॉनेटवर तळहाताएवढी जागा खरवडली. खालून सायीचा रंग निघाला. "मूळ रंग कागदावर काय लिहिलाय?" म्हणून विचारलं. कागदावर सायीचाच होता. रंग बदलायचा तर सरकारात कळवावं लागतं, हे ह्यांना ठाऊक नव्हतं. फौजेच्या गाड्यांना कुठे कुणाला विचारून रंग देतात?

गाडी आणि हे, दोघांनाही ठाण्यात नेलं. ह्यांना संध्याकाळी सोडलं, गाडी ठेवून घेतली.

नेत होते तेव्हा गल्लीत माणसं जमली होती. सरदारजीही त्यांच्या दाराशी उभे होते. पांढरा कुर्ता, हात पाठीमागे. पगडी सारखी करायला त्यांनी उजवा हात वर केला तेव्हा बाहीच्या कडेला मला तो रंग दिसला. मळका, हिरवट राखाडी. पोरगा नव्हता, म्हातारा स्वतः होता.

हे परत आल्यावर मी कुणाला काही न सांगता गल्ली ओलांडली. तोवर त्या घरात मी पाय ठेवला नव्हता. त्यांनी दार उघडलं. कुर्ता बदललेला होता. मी आत न जाता माझ्या हिंदीत विचारलं, "गाडी तुमने पकडवाई?"

मला वाटलं होतं, नाही म्हणतील. ते म्हणाले, हो.

मग त्यांनी सांगितलं. पहाटे गुरुद्वारात जाताना चादरीतून बघितलं, आत कुणी आहे का म्हणून कागद फाडला. मी म्हटलं, आम्हाला विचारायचं, आमचं दार काय लांब होतं. त्यांनी दाराच्या चौकटीला हात लावला.

"बहनजी, कुछ निकलता तो आपके घर बाद में आते. पहले मेरा लड़का उठाते."

मुलगा अवेळी का येतो, खिडकी का बंद होते, तेही त्यांनीच सांगितलं. बाप त्याला दिवसा नाक्यांवरून जाऊ देत नव्हता. गल्लीबोळातून, पोलिस बदलतात त्या वेळेला ये, असं सांगून ठेवलेलं. मला ते सगळं खरं वाटलं असं नाही. पण गाडीला हात लावल्याचं त्यांनी नाकारलं नव्हतं.

मी म्हटलं, तुमचा मुलगा तुम्हाला, माझी मुलगी मला. मूल आडवं आहे, गाडी नसली तर ती वाटेत मरेल. तुम्ही पकडून दिलीत, तुम्हीच सोडवून द्या.

ते म्हणाले, ठाण्यात मी गेलो तर मला विचारतील. मी म्हटलं, विचारू देत, मी शेजारी बसते.

सोमवारी आम्ही तिघं गेलो. ह्यांना कुणी फारसं काही विचारलं नाही. सरदारजींना मात्र बाकावर बसवून विचारत राहिले. मुलगा कुठे शिकतो, कुणाबरोबर फिरतो, गावाकडे कोण असतं, काल का कळवलंस, आज शब्द का फिरवतोस. ते प्रत्येक प्रश्नाला जी म्हणून उत्तर देत होते. शाळेत मुलांना उभं करणारा माणूस, पण हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. मुलाचा फोटो आणून दे, पोलिस म्हणाले. त्यांनी आणून दिला. तेव्हा त्यांचा चेहरा बघायला नको म्हणून मी भिंतीकडे बघितलं.

मंगळवारी गाडी मिळाली. काचांवरचे कागद धुऊन काढले, पाट्या पुन्हा लावल्या. हे लगेच रंगाची बाटली काढायला गेले, बॉनेटवरचा खरवडलेला तुकडा भरायचा म्हणून. मी मशीन उचललं आणि त्या बाईंना परत देऊन आले. परत आल्यावर म्हटलं, "तो तसाच राहू द्या. खाली काय आहे ते दिसू दे ज्याला बघायचं त्याला."

त्याच आठवड्यात दिवेलागणीला मुलीला कळा सुरू झाल्या. हे गाडी मागच्या गल्लीतून काढत होते, मी मुलीला धरून मागे बसले. सरदारजी बाहेर आले. रस्ता त्यांच्या पायाखालचा, म्हणून मी म्हटलं, पुढे बसा. त्यांनी मान हलवली.

"मैं बैठूंगा तो हर नाके पर रोकेंगे. आप जाओ."

त्यांनी फाटक धरून ठेवलं आणि आम्ही निघालो.

नाक्यावर शिपायाने टॉर्च मारली. उजेड त्या हिरवट राखाडी रंगावरून फिरला आणि बॉनेटवरच्या खरवडलेल्या तुकड्यावर थांबला. कुणीतरी आधीच तपासलंय, हे त्याला कळलं असावं. मागे बघितलं, मुलीचं तोंड बघितलं, आणि हात हलवून सोडलं. ऑपरेशन करावं लागलं. नात झाली. दोघी वाचल्या. विहीणबाईंना तार केली, त्यात गाडीचं काही लिहिलं नाही.

परत आल्यावर मी सरदारजींकडे लाडू पाठवले नाहीत, स्वतः नेऊन दिले. आत बसले नाही. त्यांच्या मुलाला पुढे दोनदा ठाण्यात बोलावलं, तो फोटो तिथेच राहिला होता. नंतर त्यांनी त्याला दिल्लीला मामाकडे पाठवला. मैत्री वगैरे आमची झाली नाही. वरच्या खिडकीत दिवा दिसला की मी बघायचे. आमच्या अंगणात काही नवीन आलं की ते बघायचे. फरक एवढाच, की आधी पडद्याआडून बघत होतो, आता दारात उभं राहून बघायचो.