कानशीचा कीस

सोनं धुवायला शिकवणाऱ्या गाइडने माझ्या बायकोला फसवलं. कॅनडाच्या उत्तरेला, सोन्याच्या ओढीने वसलेल्या एका जुन्या गावात आम्ही कॅम्पर लावला होता. नदीकाठी तिने गाइडने दिलेला गाळ परातीत घेऊन तासभर धुतला, तेव्हा तळाशी चार पिवळे कण चमकले.

"अहो, सापडलं. आता याचाही भाव पाडू नका," ती म्हणाली.

मी एक कण बोटावर घेऊन अंगठ्याने चोळला. सराफकट्ट्यावरच्या गटारांचा गाळ धुऊन त्यातलं सोनं काढणाऱ्याला झारेकरी म्हणतात. मी त्याच कामातून वर येऊन सराफ झालो. दगडांवर आपटत आलेलं नदीचं सोनं गुळगुळीत असतं. या कणाला धार होती. तो कानशीचा कीस होता, सोनं घासताना पडतो तसा, गाइडने गाळात आधीच मिसळलेला.

समोर जुन्या लाकडी दुकानांची रांग होती. सोन्याच्या आशेने हजारो माणसं बर्फ तुडवत इथे पोचली, तोवर नदीकाठचा तुकडान्‌तुकडा वाटला गेला होता. त्यांना फावडी विकणाऱ्यांना ते ठाऊक होतं. पण ती माणसं निदान रिकाम्या हातांनी परतली, म्हणून फसवणूक त्यांना कळली तरी.

"दागिने यांनीच घेऊन दिले गं सगळे. हे माझं मला मिळालंय," बायको फोनवर लेकीला सांगत होती.

मी तिला काही सांगणार नाही. ज्याने कीस टाकला, त्यानेच तिच्यासमोर उभं राहून सांगावं, यात तिने स्वतः मिळवलेलं काय आहे ते.