आबांच्या रानात तात्यांचा बैल

शेतीला खरोखर किती खर्च येतो, घरची माणसं किती राबतात, बैल किती राबतात, हे सरकारला कधी नव्हे ते जाणून घ्यायचं होतं. देशभर ठिकठिकाणची गावं त्यासाठी निवडली होती. पन्नाशीच्या दशकातली ही गोष्ट. मी शेतकी कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो आणि त्या पाहणीत मला नोकरी लागली. माझ्या सोबत्याला इंदापुराकडचं कालव्याकाठचं, उसाचं गाव मिळालं. मला मिळालं बारामती तालुक्यातलं, सुप्याच्या अंगाचं, कोरडं ठणठणीत. तिकडचा गूळ किती चांगला आहे हे तो मला पत्रातून कळवायचा. मी उत्तर देत नसे.

काम साधं होतं. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शेतकऱ्यांकडे रोज जायचं, काल कोण कुठल्या रानात किती तास राबलं ते विचारायचं आणि तक्त्यात भरायचं. पण किती तास, या प्रश्नाला गावात उत्तरच नव्हतं. ‘न्याहारी येईस्तवर’, ‘बैल दमंस्तवर’ असं सांगायचे. शेवटी मीच मनगटावरचं घड्याळ बघत बांधावर बसायला लागलो. माझ्याइतक्या नेटक्या वह्या साऱ्या तालुक्यात कुणाच्या नव्हत्या, आणि चारचौघांत हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नसे.

माझ्या यादीत एक आबा होते. साठीचे, सडसडीत, बोलायला मोकळे. त्यांचं रान बारा एकर आणि बैल एक. शेजारच्या तात्यांचं रान सहा एकर, त्यांचाही बैल एकच. तात्या यादीत नव्हते. पेरायच्या पाभरीला दोन बैल लागतात, म्हणून हे दोघं आपापला बैल आणून जोडी करत, आधी एकाचं रान पेरत, मग दुसऱ्याचं. याला सावड म्हणतात. या दोन घरांची सावड त्यांच्या वडलांपासून चालत आली होती.

‘‘तुमचा बैल आबांकडं किती दिवस जातो?’’ असं मी एकदा तात्यांना विचारलं, तर ते हसले.

‘‘जायाचं काय त्यात? काम सपलं का येतोय माघारी.’’

बारामतीच्या कचेरीला असलं उत्तर चालणारं नव्हतं. सावड असेल तर दोन्हीकडचे दिवस सारखे भरले पाहिजेत, आणि भरत नसतील तर वरचे दिवस भाड्याचे धरून त्यांची किंमत लावावी, असं पत्र आलं. मी वर्षभराच्या वह्या काढल्या आणि बेरीज केली. आबांचं रान दुप्पट, तेव्हा उत्तर काय येणार हे उघडच होतं. मला हवा होता फक्त भाड्याचा दर. तो मी परस्पर कुठूनही आणू शकलो असतो. पण बेरीज इतकी चोख जमली होती, की ती कुणाला तरी दाखवल्यावाचून मला राहवेना.

‘‘आबा, या वर्षात तात्यांचा बैल तुमच्याकडं तेरा दिवस जास्त राबला.’’

त्यांनी मला तो आकडा पुन्हा वाचायला लावला.

‘‘म्हंजी बापाच्या वक्तापासनं आमी त्येंचं खातोय.’’

तसं नाही, हे फक्त कागदापुरतं आहे, वगैरे मी बोललो. त्यांचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबा ज्वारीचं पोतं घेऊन तात्यांच्या दारात गेले. तात्यांनी पोत्याकडं पाहिलं. ‘‘आबा, आमी बैल भाड्यानं लावतो व्हय?’’ एवढंच म्हणाले. संध्याकाळी ते पोतं आबांच्या ओट्यावर परत आलं होतं. मग आबाही हट्टाला पेटले. पोतं घेतलं नाही तर बैल जुंपणार नाही, म्हणाले.

नेमका त्याच आठवड्यात उत्तरा नक्षत्राचा पाऊस झाला आणि चार दिवसांत रानाला वाफसा आला. ना चिखल ना कोरडं, अशी ही पेरणीजोगी ओल आमच्या त्या भागात फार दिवस टिकत नाही. गावभर पाभरी निघाल्या. आबांच्या आणि तात्यांच्या रानामधल्या बांधाच्या एकेका अंगाला एकेक बैल कडबा चघळत उभा होता.

मी आबांकडं गेलो. चुकलं म्हणालो, तो आकडा खोडून टाकतो म्हणालो.

‘‘खोडा की. पर मला कळलंय, त्येचं काय?’’

आबांच्या घरातून त्यांची कारभारीण बाहेर आली. ‘‘पेरा न्हाय झाला तर वरीसभर आमी काय खायाचं, ते हाय का तुमच्या वहीत?’’ तिथून तात्यांकडं गेलो. ‘‘तुमच्यावर राग न्हाय सायेब,’’ ते म्हणाले, ‘‘पर त्येनं पोतं आणलं.’’ एरवी त्यांच्याकडं चहा प्यायल्याशिवाय सुटका नसे. त्या दिवशी बसा असंही कुणी म्हणालं नाही.

वाफसा आल्यापासून सहाव्या दिवशी सकाळी तात्यांनी बैल सोडला आणि बांध ओलांडून आबांच्या रानात आणून उभा केला. डोळ्यांसमोर रान वाळतंय हे त्यांना बघवलं नसावं. आबांनी पाभर आणली. दोघांनी एका शब्दानं न बोलता आधी ते रान पेरलं, मग तात्यांचं. आबांची खालची आठ एकरं बरी उगवली. वरच्या चार एकरांतली ओल तोवर उडून गेली होती. तिथं नुसते ठिपके उगवले, आणि मागून पेरलेल्या तात्यांच्या रानातही तसेच. दोष माझा होता, आणि तक्त्यात नुकसानीच्या कारणाच्या रकान्यात मी ‘ओल कमी’ असं लिहिलं. याची मला आजही शरम वाटते.

पुढच्या वर्षी पेरणी वेळेवर झाली. मी वही उघडायच्या आत आबांनी मला गोठ्यात नेलं. भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या होत्या, तात्यांचा बैल आला तितक्या. शेजारी दुसऱ्या रेघा होत्या. वरच्या दिवसांची भरपाई म्हणून आबा स्वतः तात्यांच्या रानात खुरपायला गेले होते, त्या दिवसांच्या. तात्यांकडं गेलो तर त्यांच्याही भिंतीवर रेघा. मी दोन्हीकडच्या मोजल्या. एका दिवसाचाही फरक नव्हता. वर्षभर मी ज्या आकड्यासाठी जीव टाकला होता, तो आता आयता मिळत होता. मी तो लिहून घेतला.

पेरणी संपली की दोन्ही घरं आबांच्या ओट्यावर एकत्र जेवायची. मीही जेवलो होतो पहिल्या वर्षी, बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं. यंदा जेवण कधी, म्हणून मी आबांना विचारलं.

‘‘आता कशापायी?’’ आबा म्हणाले. ‘‘फिटलं की समदं.’’