साइटवर न गेलेलं मॉडेल

आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात बीआयएम आलं त्या दिवशी पेढे वाटले गेले. सरांनी सगळ्यांना मोठ्या टेबलाभोवती बोलावून सांगितलं की आता इमारत आधी कम्प्युटरमध्ये उभी राहणार, भिंती, बीम, पाइप, वायरिंग सगळ्यासकट, आणि मग जमिनीवर. सिमरोल रोडला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचं काम मिळालं होतं आणि त्या ट्रस्टच्या डॉक्टरांनी अटच घातली होती, की काम याच पद्धतीनं हवं. मी पेढा तोंडात टाकला तेवढ्यात सर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही राहू द्या. या उमर में कशाला टेंशन घेता? तुम्ही आपलं ऑटोकॅडच बघा."

मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होते. सर माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत. त्यांच्या उमरचं काय, हे विचारायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, पण तोंडात पेढा होता.

त्या ऑफिसात माझी बावीस वर्षं गेली होती. ड्राफ्ट्समन म्हणून लागले तेव्हा ट्रेसिंग पेपरवर शाईनं रेघा मारायचो आणि चुकलं की ब्लेडनं खरवडायचो. मग कम्प्युटर आला, आणि त्यावर रेघा मारायचं ऑटोकॅड. तो मला कुणी शिकवला नाही, मीच शिकले आणि नंतर आलेल्या चार जणांना शिकवलंही. आता मला राहू द्यायचं होतं. मला इतका राग आला की त्याच संध्याकाळी मी भंवरकुआला जाऊन एका क्लासमध्ये नाव घातलं.

क्लासमध्ये सगळी नुकतीच पास झालेली इंजिनियर मुलं. शिकवणारा मला आंटीजी म्हणायचा आणि प्रत्येक गोष्ट मला दोनदा सांगायचा, दुसऱ्यांदा मोठ्यानं. मी बहिरी नव्हते. मी फक्त प्रश्न विचारत होते, जे बाकीचे विचारत नव्हते, कारण त्यांना सर्टिफिकेटशी मतलब होता.

माझा प्रश्न साधा होता. इथे रेघ कशी मारायची? उत्तर असं निघालं, की मारायचीच नाही. बावीस वर्षं मी पाइप म्हणजे एक तुटक रेघ काढत आले होते. या सॉफ्टवेअरला रेघ चालेना. पाइप म्हटलं की ते विचारायचं, किती जाडीचा? जमिनीपासून किती उंचीवर? ढाळ किती? मला यातलं काही धड सांगता येईना. मी शेकडो घरांचे, शाळांचे, दुकानांचे पाइप काढले होते आणि त्यातला एकही खरा कुठून जातो ते मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. ती सांगायला आता हरकत नाही.

म्हणून मी मिस्त्रीजींना फोन केला. आमच्या ऑफिसच्या बहुतेक कामांचं प्लंबिंग तेच करतात. गौतमपुऱ्याचे आहेत. तिथे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी लोक एकमेकांवर हिंगोट, म्हणजे बारूद भरलेली पेटती फळं, फेकतात, त्यातला एक जवानीत त्यांच्या मनगटाला लागला होता. तो डाग ते मोठ्या अभिमानानं दाखवतात. मला पहिल्यापासून दीदी म्हणतात. मी विचारायचे, चार इंची पाइपाला ढाळ किती ठेवता, आणि ते साइटवरच्या गोंगाटात ओरडून सांगायचे. कोपरा कसा वळवता, खाली साफ करायला हात जाईल एवढी जागा कुठे सोडता, सगळं. कधी कधी दिवसातून चारदा फोन व्हायचा. त्यांनी एकदाही कंटाळून उत्तर दिलं नाही. क्लासवाल्यानं मला बटणं शिकवली. पाइप मिस्त्रीजींनी शिकवला, हे मी आजही म्हणते.

चार महिन्यांत हॉस्पिटलचं पहिल्या मजल्यापर्यंतचं मॉडेल मी उभं केलं. सरांनी राहू द्या म्हटलेलं काम शेवटी माझ्याकडेच आलं, कारण ज्या दोन मुलांना त्यांनी त्यासाठी घेतलं होतं ती पुण्याला निघून गेली. मॉडेल झालं की एक तपासणी चालवतात. कोणती वस्तू कोणत्या वस्तूत घुसतेय ते सॉफ्टवेअर लाल करून दाखवतं. मी ती चालवली आणि कॉरिडॉरमधला एक बीम लाल झाला. वरच्या टॉयलेटांचा पाइप ढाळ घेत घेत, पाइप खाली उतरतात त्या शाफ्टकडे येताना त्या बीममध्ये चांगला वीतभर घुसत होता. जुन्या ड्रॉइंगमध्ये हे कधी कळलंच नसतं. तिथे पाइपाची रेघ बीमच्या रेघेवरून आरपार जाते आणि कुणाचं काही बिघडत नाही.

मी दोन दिवस खपून तोडगा काढला. पाइप उलट्या बाजूनं, जिन्यामागच्या शाफ्टमध्ये नेला. लाल रंग गेला. मला इतका आनंद झाला की मी जागेवरून उठून सरांच्या केबिनमध्ये जवळजवळ पळतच गेले.

सर म्हणाले, "क्या बात है, मॅडम." आणि मॉडेल व्हिडिओ बनवायला पाठवून दिलं.

व्हिडिओ फार सुंदर झाला. त्यात झाडं होती, कारंजं होतं, आणि एक साडीतली बाई होती जी दर वेळी काचेच्या बंद दारातून सरळ आत जायची. ट्रस्टच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पाइपाकडे पाहण्याचा प्रश्नच नव्हता, तो छताच्या आत होता. आणि साइटवर काय गेलं? साइटवर जुनं ऑटोकॅडचं ड्रॉइंग गेलं. मॉडेलमधून साइटसाठी कागद काढायला आठ दिवस लागले असते, आणि साइटवाल्यांना घाई होती. "सध्या जुनंच भेजून द्या, नंतर रिवाइज करू," सर म्हणाले. मी म्हटलं, सर, त्यात पाइप चुकीचा आहे. ते म्हणाले, साइटवाले एडजस्ट करून घेतात.

एडजस्ट. या शब्दानं माझं डोकं फिरतं. या शहरात ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा ठेवला नाही तर गाडीवाला दारातून परत पाठवतो, आणि आमच्या ऑफिसला जुनं ड्रॉइंग आणि नवं ड्रॉइंग वेगळं ठेवता येत नाही. मग बीआयएम कशाला आणलं? पेढे कशाचे वाटले? माझे चार महिने, तो क्लास, ते आंटीजी, सगळं त्या साडीतल्या बाईला दारातून चालवण्यासाठी?

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. एकदा नाही, आठवडाभर रोज सांगितलं, शेवटी तो ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसायला लागला. देवासच्या बहिणीला सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईला सांगितलं, ती म्हणाली, जाऊ द्या ना ताई. समोरच्या चहावाल्यालाही थोडंसं सांगितलं. आणि काम करत राहिले. वरच्या मजल्यांचं मॉडेल व्हायचं होतं. मिस्त्रीजींना फोन करून पाइपांची मापं विचारणं चालूच होतं.

तीन महिन्यांनी डॉक्टर साइटवर गेले. कॉरिडॉरचं आतलं छत, म्हणजे फॉल्स सीलिंग, लावायला घेतलं होतं. डॉक्टरांनी अंदाज घ्यायला आणवलेला सलाइनचा स्टँड घेऊन कुणीतरी तिथून चाललं आणि स्टँड वर फ्रेमला अडकला. ऑपरेशन थिएटरच्या दारासमोर छत फूटभर खाली आलं होतं. झालं होतं असं, की मिस्त्रीजी कागद घेऊन तिथे पोचले तेव्हा बीम आधीच काँक्रीटनं भरलेला होता आणि त्यात पाइपाला भोक ठेवलेलं नव्हतं. त्यांनी ऑफिसला विचारलं. एडजस्ट कर लो, असं उत्तर मिळालं. त्यांनी पाइप बीमखालून काढला, आणि तो झाकायला छत खाली घ्यावं लागलं. दुसरं कुणी काय करणार होतं?

दुसऱ्या दिवशी आमच्या मोठ्या टेबलाशी मीटिंग झाली. डॉक्टर, सर, मी, आणि मिस्त्रीजी. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी मिस्त्रीजी उभेच होते. सरांनी भिंतीवरचा टीव्ही लावला आणि मॉडेल उघडलं. माझं मॉडेल. त्यांनी कॉरिडॉर फिरवून दाखवला, छत उंच, पाइप पलीकडच्या शाफ्टमध्ये, कुठे काही लाल नाही. मग अगदी शांतपणे डॉक्टरांना म्हणाले, की बघा, आमच्याकडून डिझाइन बरोबर आहे. साइटवर मॉडेलप्रमाणे काम झालं नाही.

मला आधी कळलंच नाही ते काय करतायत. कळलं तेव्हा माझे कान तापले. जे मॉडेल त्यांनी त्या माणसाला कधी दाखवलं नाही, तेच त्याच्याविरुद्ध उभं केलं होतं. आणि ते मी बनवलं होतं, त्यातला प्रत्येक ढाळ त्याच माणसाला विचारून.

"मेरे को तो कागज मिला था, साब," मिस्त्रीजी म्हणाले. एवढंच.

डॉक्टर म्हणाले की मग हे काम काढून घ्या आणि दुसरा माणूस लावा, पुढच्या इमारतीलाही यांना नको. सरांनी मान हलवली. वीस वर्षं सोबत काम केलेल्या माणसासाठी त्यांना मान हलवायला एक क्षणही लागला नाही.

मी उठले. मिस्त्रीजींच्या हातातल्या पिशवीतून तो कागद मागून घेतला आणि टेबलावर पसरला. घड्यांवर फाटलेला, सिमेंटचे डाग पडलेला. खाली कोपऱ्यात, ड्रॉइंग कुणी काढलं त्या चौकटीत, माझी सही होती. ती तिथे असणार हे मला उठायच्या आधीच माहीत होतं.

"मॉडेल साइटवर कधी गेलंच नाही," मी म्हटलं. "यांना हा कागद गेला. तो मीच काढलाय आणि तो चुकीचा आहे. चुकीचा आहे हे सरांना आणि मला तीन महिन्यांपासून माहीत होतं."

सरांनी टीव्ही बंद केला. डॉक्टरांनी तो कागद बराच वेळ पाहिला, मग विचारलं की मॉडेलमधून कागद काढायला किती दिवस लागतील. मी आठ म्हटलं. ते म्हणाले, काढा, आणि तोवर साइट बंद ठेवा. पाइप दुरुस्त करायचा खर्च ऑफिसनं करायचा, काम मिस्त्रीजींकडेच राहील.  सर माझ्याशी पुढे कित्येक दिवस बोलले नाहीत, आणि मला त्याचं शष्प वाटलं नाही.

खरं सांगते, जिना उतरताना मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी राग ऑफिसातच काढला होता. खाली मिस्त्रीजी मोटारसायकलपाशी उभे होते, कागद पुन्हा त्याच घड्यांवर दुमडत होते. ते आता आभार मानतील, तेव्हा आपण काय म्हणायचं, हेसुद्धा मी ठरवलं होतं.

त्यांनी कागद पिशवीत ठेवला. आवाजात राग नव्हता.

"दीदी, ढाल पूछने को तो आप रोज फोन करते थे," ते म्हणाले. "ये बताने को एक बार नी किया?"

त्यांनी गाडीला किक मारली. मी तिथेच उभी राहून फोनमधले जुने कॉल उघडले. त्या तीन महिन्यांतला जवळजवळ प्रत्येक दिवस त्यात होता, आणि प्रत्येक दिवसापुढे त्यांचं नाव.