पोटात एक, ओठांवर शीळ

नॉरिस बर्केटला उभ्या मेरीपोर्ट गावानं कधी तोंड पाडून बसलेलं पाहिलं नव्हतं. धुलाईची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. ज्या घरात शिरेल तिथं चहा प्यायचा, चार विनोद सांगायचा आणि शीळ घालत बाहेर पडायचा. बापाला पुरून आलेल्या लोकांनाही त्यानं हसवलं होतं म्हणे.

त्यामुळं एकुलत्या एका लेकीनं, जिलियननं, कायमचं कॅनडाला जायचं ठरवलं आणि नॉरिसनं "झकास!" म्हणून किटली चढवली, तेव्हा ईनिडला, त्याच्या बायकोला, नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढं. दर मंगळवारी दुपारी तो बूट पुसून कुठंतरी जाऊ लागला. कामातून निवृत्त झालेला माणूस, त्याला कसली घाई? परत यायचा तो अंगाला साबणाचा गोडसर वास घेऊन. विचारलं तर म्हणे, पाय मोकळे करून आलो. पाय मोकळे केले की साबणाचा वास येतो होय? ईनिडच्या मनात पाल चुकचुकली.

शेजारच्या प्रूडोबाई जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या. ईनिडनं कुंपणावरून आडून आडून विषय काढला. बाई चादर वाळत घालता घालता म्हणाल्या, "तुझा नवरा डिसेम्बल करतो, ईनिड. पहिल्यापासून."

जोडणं म्हणजे असेम्बल, तेव्हा हे खोलणं असणार, असं ईनिडला वाटलं. "करतोच की. धंदाच होता त्याचा."

"ते नव्हे गं. हे मनाचं. पोटात एक, ओठात एक."

"म्हणजे लपवतो?"

"लपवणारा नुसता गप्प बसेल. हा आत एक असताना वर दुसरंच चिकटवतो. चांगल्या अर्थानं नाही वापरत कुणी हा शब्द."

शेवटचं वाक्य तेवढं ईनिडच्या डोक्यात रुतून बसलं. नवऱ्याचं प्रत्येक हसू ती उलटंपालटं करून पाहू लागली. मटण छान झालंय म्हणाला, ते तरी खरं का? लग्नात हसत होता, ते? पुढच्या मंगळवारी तिनं डोक्याला रुमाल बांधला आणि अंतर राखून त्याच्या मागं निघाली.

नाणं टाकून कपडे धुवायच्या दुकानात तो शिरला. ईनिडनं काचेतून आधी बाई शोधली. कुणीच नव्हतं. नॉरिस एकटा बाकावर बसला होता. समोरच्या यंत्रात घरचाच एक टॉवेल गरगरत होता, आणि नॉरिस रडत होता. यंत्रांच्या घरघरीत त्याचा हुंदका ऐकू येत नव्हता.

ती आत जाऊन शेजारी बसली. तो दचकला, आणि लगेच हसला. "साबण गेला डोळ्यात."

"नॉरिस, माझ्यापुढं डिसेम्बल करू नकोस."

शब्द त्याला कळला नसावा, पण हसू उतरलं. पोर पुन्हा दिसेल की नाही देव जाणे, तो म्हणाला. घरात रडलो असतो तर तिचा पाय निघाला नसता.

"आणि तू हसतोस, त्याचं तिला काय वाटत असेल?" ईनिडनं विचारलं.

विमानतळावर त्यानं सवयीनं विनोद सुरू केला आणि मध्येच त्याला रडू फुटलं. जिलियन बघतच राहिली. "बाबा, मी जातेय म्हणून तुम्ही सुटलात, असंच मी धरून चालले होते," ती म्हणाली आणि बापाच्या कोटात तोंड खुपसून रडली.

गेली ती गेलीच. पण रविवारी फोन आला की आधी बाबांना बोलवायची.

ईनिडची खोड मात्र गेली नाही. नॉरिस अगदी खुशीत हसला, तरी ती चष्म्यावरून रोखून बघायची आणि विचारायची, "हे खरं की वरचं?"