बिल आधी वाचून दाखवायचं

आमच्या बावधनच्या ऑफिसात बिलं मी करते. आर्किटेक्टचं ऑफिस. घरांचे नकाशे साहेब आणि पोरं काढतात, त्याचे पैसे मागायचं नकोसं काम माझ्याकडे. पहिल्यापासून माझा एकच हेका आहे. ‘व्यावसायिक शुल्क’ अशी एक ओळ आणि खाली भला मोठा आकडा, असलं बिल माझ्या हातून जाणार नाही. काय काम केलं ते ओळीओळीनं, साध्या मराठीत लिहायचं, आणि पाठवण्याआधी फोन करून वाचून दाखवायचं. बिल काय पाहुणा आहे, न कळवता दारात उभं राहायला? पोरं हसतात. मॅडम, मेल करा की, म्हणतात. मेल करा म्हणे! मेल उघडून माणूस हबकतो आणि फोन उचलायचा बंद होतो, तेव्हा त्याच्या मागे लागायला ही पोरं येतात का? मीच लागते.

घोटावड्याच्या त्या गिऱ्हाइकाचं बिलही मी असंच वाचलं. कंपनीत कामाला जाणारा माणूस. जुन्या घराच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या, म्हणून शेताच्या कडेला आपलं वेगळं घर बांधायचं होतं. नवराबायको दोघं यायची. तो बोलायचा, ती गप्प बसायची, आणि त्याचं सगळं सांगून झालं की नकाशावर बोट ठेवून म्हणायची, न्हाई, ओटा हितं. तो लगेच मान डोलवायचा. आम्हाला सगळ्यांना त्याची गंमत वाटायची.

नकाशे पूर्ण झाले तसा मी त्याला फोन लावला. उचलला गेला, पण पलीकडून कुणी बोललं नाही. मशिनवर असेल, बोलता येत नसेल, असं समजून मी वाचत सुटले. जागेची मोजणी. पुढे अंगण, दोन पायऱ्या, ओसरी. ओसरीतून मधली खोली. उजव्या हाताला स्वयंपाकघर, त्याला परसात उघडणारं दार. मधल्या खोलीतून वर गच्चीला जिना. पलीकडे नुसता श्वास. माझं डोकं फिरलं. म्हटलं, दादा, ऐकताय ना, का भिंतीशी बोलतेय मी?

“ऐकतीया,” बाईचा आवाज आला. “ते गेले, ताई. गेल्या आठवड्यात.”

सुतकातल्या घरात मी बिल घेऊन घुसले होते. माफ करा म्हटलं, बिलाचं नंतर बघू म्हटलं आणि फोन ठेवायला लागले.

“थांबू नका,” ती म्हणाली. “जिन्यापतुर आलाय तुमी. फुडं वाचा.”

वाचलं. तिला गच्चीपर्यंत नेलं.

मग काही दिवसांनी त्याचा थोरला भाऊ ऑफिसात आला. सातबारा सगळ्या भावांचा मिळून होता आणि त्याचं एका बिल्डरशी बोलणं पक्कं झालेलं. घर आता होत नाही म्हणाला. बिल माझ्या नावावर करा, पैसे मी देतो, नकाशे मला द्या आणि विषय मिटवा. साहेबांना बरंच वाटलं. पैसे येतायत ना, कुणाचे का असेनात. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बिल काम सांगणाऱ्याच्याच घरी जातं, वाटेत कुणीही हात घालायला तो प्रसाद नाही, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं. नकाशे गेले असते तर तिच्यापाशी त्या घराचं काहीच उरलं नसतं. साहेबांनी मला आत बोलावून झापलं. झापू देत. बिल मी तिच्या नावानं केलं.

घर मात्र वाचलं नाही. सगळेच विकायला निघाले, तिथं एकटी बाई किती अडून बसणार? तिच्या वाट्याला जागा आली नाही, पैसे आले. ते घेऊन ती ऑफिसात आली. तोवर साहेबांनाही पाझर फुटला होता. राहू द्या, बिल सोडून देऊ, म्हणाले. ती ताठ झाली.

“फुकट नको. फुकट घेतलं तर ते घर माजं कसं म्हनू?”

तिनं सगळे पैसे दिले, पावती घेतली आणि नकाशांची गुंडाळी उराशी धरून बसस्टॉपकडे गेली. मला रडू फुटलं, आणि मी पोरांच्या समोरच रडले.

आता ती महाळुंग्याला बहिणीकडे राहते. शेताला पत्र्याचं कुंपण पडलंय. अधूनमधून दुपारी तिचा फोन येतो. ताई, वाचता का, एवढंच विचारते. एकदा म्हणाली, नकाशा नुसता वरनं दिसतो, तुमी वाचलं की आत जाता येतं. मी हातातलं टाकून तिचं बिल उघडते आणि आकडे गाळून वाचते. पोरं आता हसत नाहीत, कुणीतरी उठून पंखा बारीक करतं. खरं सांगते, मला त्या फोनची भीती वाटते. जे घर कुठंच नाही, ते मला माझ्या घरापेक्षा जास्त पाठ झालंय. दुसऱ्या कुणाचं बिल करताना मध्येच त्या ओसरीवर जाऊन उभी राहते.

परवा मला कामाची घाई होती. अंगण, पायऱ्या, ओसरी करत मी भरभर मधल्या खोलीत शिरले. तिनं मला अडवलं.

“जरा दमानं, ताई. हे अजून अंगनातच हायेत.”

मी थांबले. चपला काढून, पाय धुऊन माणूस ओसरीवर येईल एवढा वेळ जाऊ दिला, आणि मग मधली खोली पुन्हा पहिल्यापासून वाचली.