झालरीची फुलं

इमारतीतले लोक तिला मागून जमदग्नी म्हणत, हे तिला ठाऊक होतं. तिचं म्हणणं एवढंच, की म्हणायचं तर तोंडावर म्हणा, म्हणजे मलाही दोन शब्द ऐकवता येतील. सारा जन्म तिने शाळेचे गणवेश शिवले. निळी चड्डी, पांढरा सदरा, पुन्हा निळी चड्डी. नवरा लवकर गेला, मुलगा लहान, मशीन एकच. ताई मशीन पायाने नाही, रागाने चालवते, असं धाकटी बहीण म्हणे.

तळमजल्यावरच्या तिच्या घरामागे, पाण्याची टाकी आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये मातीची चिंचोळी पट्टी होती. तिथे तिने भोपळ्याचा वेल लावला. फुलं मुबलक, पण बोटाएवढी फळं पिवळी पडून गळायची. चहूकडे फरश्या घातलेल्या, मधमाशी इकडे फिरकेल कशाला? मग तिने माश्यांना आवतण दिलं. कोथिंबीर खुडायची सोडून फुलू दिली. मोहरी, बडीशेप, शेपू, सब्जा, मधे चार सूर्यफुलं. मुळाही जमिनीतच राहू दिला, तोसुद्धा जांभळट फुलला. भोपळा धरला, पण तोवर भोपळा हे नुसतं निमित्त उरलं होतं. सकाळी मशीनवर बसण्याआधी ती मागच्या पायरीवर बसून गुणगुण ऐकायची. तेवढ्यापुरता तिचा स्वतःचा आवाज खाली असे.

बघणाऱ्याला मात्र ते रान वाटे. वरच्या मजल्यावरची नर्स गॅलरीतून म्हणायची, "काकू, भाजी जून झाली की. काढून टाका आता."

"तू जून झालीस म्हणून तुला कुणी काढलंय का?"

नर्स हसत आत जायची. हे भांडण दोघींनाही रोज लागे.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती बहिणीकडे जाऊन राहिली. काळा चष्मा लावून परतली, मागचं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. वेल तेवढा भिंतीवर होता. बाकी सगळं साफ. उकरलेल्या मातीत डबल पाकळ्यांची पिटुनिया, गुलाबी आणि जांभळी, ओळीत, सारख्या अंतरावर, भोवती चुना फासलेल्या विटा. मातीला गणवेश घातला होता.

"कुणी केलं हे?"

मुलगा इमारतीच्या कमिटीचा सेक्रेटरी. तो खुशीत होता. "मीच. लोक बोलायचे गं, सेक्रेटरीच्याच घरामागे उकिरडा म्हणून. आणि तुला फुलंच हवीत ना? बघ केवढी भरगच्च."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे उत्तर माहीत होतं तुला."

त्या दिवशी ती त्याच्याशी त्यापुढे बोलली नाही. आरडाओरडा झाला असता तर घराला सवयीचा होता; हे गप्प बसणं कुणाला झेपेना.

सकाळी ती पायरीवर बसली. सवयीने एक माशी आली. कोथिंबीर होती तिथे हवेतच घिरट्या घालत राहिली. मग गुलाबी फुलावर उतरली, पाकळ्यांत डोकं खुपसलं, मागे आली, बाजूने शिरून पाहिलं आणि उडाली. दुसरीने तेच केलं. तिने फूल तोडलं आणि सुईच्या टोकाने उकलत गेली. पाकळी, तिच्या आत पाकळी, पराग असायचा तिथेही पाकळीच.

"सगळी झालर," चहा घेऊन आलेल्या सुनेला ती म्हणाली. "खिसा एकही नाही."

चुकलेली शिवण ठिगळाखाली झाकायची नाही, उसवायची, हा तिचा धंद्यातला नियम. तिने पदर खोचला. रोपांचा काही गुन्हा नव्हता, म्हणून मुळाच्या मातीसकट एकेक उचललं आणि सगळी मुलाच्या स्कूटरवर मांडली. सीटवर, पाय ठेवायच्या जागेवर, आरशाच्या दांड्यालाही एक अडकवलं. मग ती स्वयंपाकघरात शिरली.

थोड्या वेळाने सुनेचा आवाज आला. "आई, फोडणीला मोहरी नाही."

"पेरली."

"आणि धणे?"

"चाललेत."

सुनेने गॅस बंद केला. "बडीशेप वरच्या फळीवर आहे," ती म्हणाली.

मुलगा स्कूटर पाहून मागे आला. "आई, लोक काय म्हणतील?"

"जमदग्नी म्हणतील. नवीन काय त्यात?"

तो उगाच विटांकडे बघत राहिला. "पुन्हा फुलायला वेळ लागेल ना?"

"उपटायला लागला त्याहून जास्त."

"तोवर त्या माश्या कुठे जातील?"

हे तिलाही माहीत नव्हतं, आणि खरा राग त्याचाच होता. तिने धण्यांचा डबा त्याच्या हातात आपटला. तो उकिडवा बसला. "असेच टाकू?"

"चपलेखाली रगड. दोन फाका व्हायला हव्यात. पीठ करशील तर बघ. आणि त्या विटा संध्याकाळच्या आत उचल."

"अजून रागावलीयेस?"

"हो."

तेवढ्यात एक माशी आली. नुसत्या मातीवर खालीवर झाली, वेलाच्या मिटलेल्या कळीला शिवली आणि भिंतीपलीकडे निघून गेली. दोघांनी मान वळवून तिला जाताना पाहिलं.

"बघितलंस?" ती म्हणाली. "आता रगड."