भिंतीवरची रिंग

पालथ्याचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. सहाला तो गॅरेजचं शटर वर करायचा. मालक नऊला यायचा. मधला वेळ त्याला हवा असायचा, कारण सकाळी उजेड तिरपा पडतो आणि तिरप्या उजेडात पत्र्यावरची हातोडीची खूण लपत नाही. दुपारी तोच पत्रा साळसूद दिसतो.

आमच्याकडे जुन्या गाड्या यायच्या. जुन्या म्हणजे आमच्या बापांच्या जन्माआधीच्या. मी पत्रा ठोकायचो. आलेला सुटा पार्ट ओरिजिनल की नक्कल, हे सांगायचं काम पालथ्याचं. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं. वस्तू हातात आली की आधी पालथी करणार, म्हणून पालथ्या. सासरी पहिल्यांदा चहा दिला तर त्यानं चहा पिऊन बशीही पालथी करून बघितली, असं त्याचा साडू चारचौघांत सांगायचा. पालथ्या हसायचा नाही, पण नाकारायचाही नाही.

“नक्कल करणारा पुढून जीव ओततो,” तो मला म्हणायचा, “पाठीमागं येईपर्यंत दमतो. तिथं बघायचं.”

घासून चकचकीत केलेला पार्ट तो हातातच घेत नसे. मळ, गंज, स्क्रूच्या खाचेतला जुना रंग, सगळं त्याला जसंच्या तसं लागायचं. एका बिजागरीवर अर्धा दिवस घालवायचा. मालक चिडायचा. पण त्याच्या एका होकारावर गिऱ्हाईक डोळे मिटून पैसे मोजायचं, म्हणून गप्प बसायचा.

भिंतीवर खिळ्याला एक पितळी रिंग टांगलेली होती, हेडलाईटच्या काचेभोवती बसते ती. मालकाच्या वडिलांनी ती नमुना म्हणून ठेवली होती. कंपनीच्या बंद खोक्यातून आलेली, असं ते सांगत. त्या कंपनीच्या गाड्या मुळात थोड्या, आणि त्यांच्या रिंगा चोर आधी काढून नेत, म्हणून खात्रीची दुसरी रिंग बघायलाच मिळत नसे. त्यामुळे रिंग आली की पालथ्या ती भिंतीवरच्या रिंगेशी ताडून बघायचा. नमुन्याला खालच्या बाजूला सांधा होता आणि सांध्यावर वितळलेल्या धातूचा डाख दिलेला होता. आलेल्या रिंगेला सांधा नसला, एकाच पत्र्यातून दाबून काढलेली असली, की तो ती परत करायचा. “हे मशीनचं काम. नंतरचं.” विषय संपला.

साडूचं भंगाराचं दुकान होतं. आठ वर्षांपूर्वी त्यानं एक बंद पडलेलं गॅरेज आतल्या मालासकट घेतलं. त्यात याच रिंगांची एक पेटी निघाली. दुकान गहाण टाकून घेतलेला माल तो. तो पेटी घेऊन आमच्याकडे आला, तेव्हा मालक होता, दोन गिऱ्हाइकं होती, मी होतो. पालथ्यानं एक रिंग पालथी केली. दुसरी केली. मग पेटी पायानं सरकवली.

“सांधा नाही. नक्कल आहे.”

“अरे, नीट बघ की जरा.”

“बघितलं. घरचा माणूस म्हणून खोट्याला खरं म्हणू का?”

साडूनं पेटी उचलली आणि गेला. दुकान वर्षभरात बुडालं. तो दुसऱ्याचा टेम्पो चालवायला लागला. दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. पालथ्याची बायको नवऱ्याच्या बाजूनं उभी राहिली, इतकी की बहिणीच्या मुलीच्या लग्नालाही गेली नाही.

मग गेल्या थंडीत ती गाडी आली. एका म्हाताऱ्या बाईच्या वडिलांनी नवी घेतली होती आणि ते वारल्यावर घरच्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये कुलूपबंद केली होती. टायर मातीत मिसळले होते. उंदरांनी सीट खाल्ल्या होत्या. पण हात कुणी लावला नव्हता. पालथ्या खूश होता. अशी गाडी जन्मात एकदा मिळते, म्हणाला.

पहिल्याच सकाळी तो हेडलाईट काढायला बसला. मी शेजारी मडगार्ड मोकळं करत होतो. रिंगेचा स्क्रू रंगाखाली पूर्ण बुजलेला होता. कंपनीत गाडी रंगवली तेव्हाचा रंग, स्क्रूच्या डोक्यावरून सलग गेलेला, कुठं तडा नाही. म्हणजे तो स्क्रू कारखाना सोडल्यापासून फिरला नव्हता. पालथ्यानं मला बोलावून ते दाखवलं. मग सुरीच्या टोकानं खाच मोकळी केली, स्क्रू काढला, रिंग सोडवली आणि सवयीनं पालथी केली.

त्यानं ती सुलटी केली, पुन्हा पालथी केली. शेवटी मी त्याच्या हातातून रिंग घेतली.

सांधा नव्हता.

त्यानं दुसरा हेडलाईट खोलला. त्याचाही स्क्रू तसाच बुजलेला. त्याच्याही रिंगेला सांधा नव्हता. मग त्यानं भिंतीवरची रिंग काढली आणि तिन्ही खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या. आता मलाही दिसत होतं. कंपनीकडे दाब मशीन पहिल्यापासून होतं. भिंतीवरची रिंग कुणीतरी हातानं केलेली होती. आमच्यासारखाच कुणी कारागीर, दाब मशीन नाही म्हणून पट्टी वाकवून डाख देणारा. काम सुरेख होतं. पण नक्कल तीच होती.

“किती परत केल्या मी,” पालथ्या म्हणाला.

मालक आल्यावर त्यानं सांगितलं. मालकानं आधी शटर अर्धं खाली ओढलं.

“आपण सांध्यावाल्या रिंगा लावून किती गाड्या दिल्यात, माहीत आहे ना? ती रिंग टांग परत. तुला कुणी विचारलंय?”

“कुणी विचारत नाही, हीच तर भानगड आहे.”

त्या दिवशी तो दुपारीच घरी निघाला. मला म्हणाला, चल जरा. मी गेलो. बायको कपडे वाळत घालत होती. त्यानं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तिनं हातातलं ओलं फडकं तसंच धरून ठेवलं, पाणी पायांवर गळत राहिलं.

“मग मी माझ्या भाचीच्या लग्नाला का नाही गेले?” तिनं विचारलं. भांडणाचा सूर नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

तिनं फडकं बादलीत टाकलं, चपला घातल्या आणि आमच्या पुढं चालायला लागली.

साडूच्या घराचं दार मेव्हणीनं उघडलं. बहिणीला बघून ती बाजूला झाली. साडू आत खाटेवर बसून बनियनला टाका घालत होता. पालथ्या म्हणाला, “तुझ्या रिंगा ओरिजिनल होत्या. चुकलो मी.”

साडूनं सुई बनियनमध्ये खोचली. आम्हाला वाटलं, आता आठ वर्षांचं सगळं बाहेर पडणार.

“असं नको बोलूस,” तो म्हणाला. “तू म्हणालास नक्कल, म्हणजे नक्कलच.”

“अरे, चुकलो म्हणतोय ना.”

“मी त्या गॅरेजवाल्या म्हाताऱ्याच्या घरी जाऊन त्याला नको नको ते बोललो. म्हटलं, फसवलंस मला. तो शपथा घेत होता. मी म्हटलं, आमचा पालथ्या कधी चुकत नाही. पेटी पितळेच्या भावानं भट्टीत घातली. एकसुद्धा ठेवली नाही. डोळ्यांसमोर नको वाटायची.”

“तू माझ्यावर चिडला नव्हतास?”

“तुझ्यावर कशाला? नक्कल माल घेऊन तुझ्या दारात आलो, तुझ्या मालकासमोर. तोंड कुठलं दाखवू?”

पालथ्या खाली बसला, जमिनीवरच. शिव्या खायची तयारी करून आलेला माणूस होता तो. याची तयारी त्यानं केली नव्हती. मीही नाही. तो म्हातारा आता कुठं आहे, असं त्यानं विचारलं. साडू म्हणाला, नाही राहिला.

आतून मेव्हणीचा आवाज आला. “दोघंही एकसारखे गाढव. ताई, तू आत ये. यांना बसू दे तिथंच.”

दुसऱ्या सकाळी गॅरेजात गिऱ्हाइकं असताना पालथ्यानं तिन्ही रिंगा टेबलावर मांडल्या आणि कोणती काय ते सांगितलं. साडूचा माल खरा होता, हेही सांगितलं. मालक रागानं लाल झाला, पण त्यानं पालथ्याला काढलं नाही. पालथ्यानंच काम सोडलं. म्हणाला, आता माझ्या होकारावर मीच पैसे देणार नाही.

फंडाचे पैसे हातात आले. ते घरावर खोली चढवायला ठेवले होते. पायऱ्या तर आधीच बांधून झाल्या होत्या, गच्चीपर्यंत जातात आणि थांबतात. पैशांतून साडूसाठी जुना टेम्पो घेतला. साडू दोन महिने नाही म्हणाला. शेवटी दोघी बहिणींनीच जाऊन कागद केले.

घ्यायच्या आधी पालथ्या टेम्पोखाली शिरला नाही. साडूला म्हणाला, तूच बघ.